अम्मीचा आवाज न फाटणारा कॅमेरा

आमच्या अब्बांचं एक ठाम मत होतं. कॅमेरा दिसायला मोठा पाहिजे. चित्र कसं येतं, आवाज कसा येतो, हे सगळं नंतर. आधी मांडवातल्या लोकांना लांबून कळलं पाहिजे की व्हिडिओवाला आला. पडेगावपासून खुलताबादपर्यंत कितीतरी लग्नांत त्यांनी तो खांद्यावरचा काळा अवजड कॅमेरा मिरवला. वऱ्हाडी बाजूला होऊन त्यांना वाट करून द्यायचे आणि ते त्यांना भारी आवडायचं. नवऱ्यामुलाच्या बापाला नसेल एवढा मान यांना लागतो, असं अम्मी चिडवायची.

यंदाच्या उन्हाळ्यात एका वलिम्यात, म्हणजे निकाहनंतरच्या नवऱ्याकडच्या जेवणात, त्या कॅमेऱ्यानं मान टाकली. दुरुस्तीवाल्यानं तो उघडून पाहिला आणि पुन्हा बंद करून दिला. अब्बा घरी येऊन त्याला फडक्यानं पुसत बसले. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण खरं सांगते, बरंही वाटलं. त्या कॅमेऱ्याशी माझं जुनं वैर होतं.

आमच्याकडच्या लग्नांत बायकांची बाजू वेगळी, मध्ये पडदा. तिकडं पुरुष व्हिडिओवाला जात नाही, म्हणून बायकांकडचं शूटिंग मी करते. कॉलेजात होते तेव्हापासून करते. त्याचा एक नियम आहे आणि त्या नियमावरच लोक आम्हाला बोलावतात. बायकांकडचं मीच काढायचं, मीच बसून जोडायचं आणि थेट नवरीच्या आईच्या हातात द्यायचं. अब्बांनीसुद्धा ते कधी पाहिलेलं नाही. मी कॉम्प्युटरवर काम करत असले की ते स्वतःच्याच घरात दाराबाहेर थांबून खाकरतात आणि विचारतात, "यास्मिन, येऊ का?"

तर मांझ्याच्या दिवशी, म्हणजे आमच्याकडच्या हळदीला, बायका ढोलक घेऊन गायला बसतात. दखनी गाणी. नवऱ्यामुलाची, त्याच्या आईची, विहिणीची, जो सापडेल त्याची फिरकी घ्यायची. मोठा कॅमेरा आणि त्याचा डोळ्यांत घुसणारा दिवा घेऊन मी आत गेले की या सगळ्या एकदम गप्प. ओढण्या सावरायच्या, खाली बघायच्या. मला हवं असायचं गाणं आणि मिळायच्या समोशांच्या प्लेटा. मग मी दिवा बंद करून कोपऱ्यात बसायचे, तेव्हा कुठं गाणी सुरू व्हायची. चित्र अंधारं यायचं, पण निदान आवाज यायचा.

आणि या बायकांमध्ये पुढं बसून ढोलक कोण वाजवतं? माझी अम्मी, अनवरी. खुलताबादच्या माहेराहून येताना तिनं बाकी काय आणलं ते मला माहीत नाही, ही ढोलक मात्र आणली. आमच्या भागात लग्न ठरलं की हॉलच्या आधी अम्मीची तारीख विचारतात.

अब्बांनी तिचं गाणं कधीच धड ऐकलेलं नाही. एवढी वर्षं संसार झाला, पण पडद्यापलीकडून, आचाऱ्यांच्या आरडाओरड्यातून जेवढं कानावर पडेल तेवढंच. घरी म्हण म्हटलं की अम्मी म्हणणार, "तुमच्यासमोर? तोबा! ढोलकचं गाणं काय एकटीनं म्हणायचं असतंय?" त्यात आणखी एक गंमत होती. अब्बा पडद्याजवळून गेले की आत हमखास हशा पिकायचा. अब्बा त्यावर रुसायचे. "माझंच काय एवढं हसू येतंय त्यांना?" असं मला विचारायचे. मला कारण माहीत होतं. पण नियम म्हणजे नियम, मी कधी तोंड उघडलं नाही.

माझ्या भावाचं, तन्वीरचं लग्न ठरलं आणि त्याच आठवड्यात अब्बा मला घेऊन कानाच्या डॉक्टरकडं गेले. घरात चष्म्याचं काम आहे असं सांगितलं होतं. डावा कान जवळजवळ गेलेला, उजवा त्याच वाटेवर. जन्मभर बँडला आणि डीजेच्या भिंतीला खेटून उभं राहिल्यावर दुसरं काय होणार! डॉक्टर मशीन लावा म्हणाले. अब्बा एकदम ताठ झाले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मशीन लावून लग्नात गेलो तर लोक म्हणतील, ह्याला ऐकू येत नाय, हा काय शूटिंग करणार? आन् तुझ्या अम्मीला सांगायचं नाय. उगं घोर लावून घेईल जिवाला."

येताना दौलताबाद रोडवर चहाला थांबलो. अब्बांनी कपातला चहा थंड होऊ दिला. मग म्हणाले, "तन्वीरच्या मांझ्याला तुझी अम्मी गाणार. ते गाणं मला एकदा सगळं ऐकायचंय, बेटा. कान हायत तोवर."

"त्यात काय एवढं? मी रेकॉर्ड करते, तुम्ही निवांत ऐका."

"चोरून नाय. बायकांचं हाय ते. तिनं स्वतः ऐका म्हटलं, तरच."

मला त्या टपरीवर रडू आलं. रागही आला. नवऱ्याला बायकोचं गाणं ऐकायचं, त्यासाठी बायकोची परवानगी पाहिजे, ती परवानगी मी मिळवायची, आणि का पाहिजे ते मात्र तिला सांगायचं नाही! या माणसांच्या संसारात मी नेहमी अशीच मधल्या मध्ये अडकते.

कॅमेरा तर घ्यायलाच हवा होता. तन्वीरच्या लग्नाला आणि पुढच्या धंद्यालाही. शिवाय आमच्याच पडेगावचा सत्यम मागं लागला होता. हा मुलगा स्वतः गाणी रचतो, स्वतःच म्हणतो आणि इंटरनेटवर टाकतो. त्याला त्याच्या गाण्याचा झकपक व्हिडिओ आमच्याकडूनच हवा होता. लग्नाला एक आणि गाण्यांना एक असे दोन कॅमेरे घ्यायची ऐपत नव्हती. दोन्हीकडं चालणारा आणि परवडणारा एकच शोधायचा होता. म्हणून आम्ही बापलेक औरंगपुऱ्यात गोकुळभाऊंच्या दुकानात गेलो. अब्बांची त्यांची जुनी ओळख.

"काय काय करायचंय, ते सांग," गोकुळभाऊ मला म्हणाले.

मी तयारीनंच गेले होते. "लग्नात तासन् तास न थांबता चालला पाहिजे. मे महिन्यात तापून बंद पडायला नको. दिवा न लावता अंधारात दिसलं पाहिजे. सत्यमच्या गाण्यात मागचं धूसर आन् पुढचं माणूस उठून दिसलं पाहिजे. आन् मेन म्हणजे, आमच्या अम्मीचा आवाज फाटू नये."

ते शेवटचं ऐकून गोकुळभाऊ हसले, पण माझं खरंच ते दुखणं होतं. अम्मीचा गळा आधी किती गोड, किती खालच्या पट्टीतला! गेल्या दोनेक वर्षांत मात्र तिनं गाताना नुसतं ओरडायला सुरुवात केली होती. कॅमेऱ्यात आवाज किती येतोय ते दाखवणारी पट्टी असते, ती अम्मीनं तोंड उघडलं की थेट लाल. घरी येऊन ऐकावं तर आवाजाच्या चिंध्या. मी कितीदा म्हटलं, "अम्मी, हळू. समोर माईक हाय, डोंगर नाय." ती "हौ, हौ" म्हणायची आणि पुन्हा तेच. जन्नतखाला, म्हणजे तिची बहीण, तर सगळ्यांना सांगत सुटली होती की अनवरीचा गळा गेला.

अब्बा एव्हाना कोपऱ्यातल्या एका जुन्या मोठ्या कॅमेऱ्यापाशी पोहोचले होते. तो उचलून खांद्यावर घेऊन आरशातसुद्धा बघून झालं. "ह्याला म्हणतात कॅमेरा. जुनाय, पण स्वस्तात पडंल."

गोकुळभाऊंनी काचेच्या कपाटातून एक छोटा काढून माझ्या हातात ठेवला. तो कमी उजेडातही बघायचा, लेन्स बदलता यायची, आवाजाची पट्टी हातानं वरखाली करता यायची. मला तो बघताक्षणी आवडला.

"हा?" अब्बा म्हणाले. "साबणाच्या डबीएवढा हाय हा. लोक विचारतील, व्हिडिओवाला कुठंय?"

"अब्बा, बायका गप्प बसतात ते मोठ्या कॅमेऱ्यामुळंच."

"बायका गप्प बसतात अन् पुरुष बाजूला होतात. दोन्ही मानच हाय तो."

आमचं असं जुंपलेलं बघून गोकुळभाऊंनी एक तोड काढली. दोन्ही कॅमेऱ्यांपुढं मला अम्मीसारखं जोरात ओरडायला लावलं, मग दोन्ही आवाज लागोपाठ वाजवून दाखवले. मोठ्या जुन्यातला आवाज फाटका, खरखरीत. छोट्यातला स्वच्छ. एखाद्या लहान मुलालाही कळलं असतं.

"आता बोला नूरभाई. तुम्ही मुरलेले गडी."

अब्बा म्हणाले, "दोन्ही सारखंच की."

गोकुळभाऊंना वाटलं, गंमत करतायत. "काय चेष्टा लावलीय राव!" म्हणत त्यांनी पुन्हा वाजवलं. या वेळी अब्बांनी कॅमेऱ्याकडं बघितलंच नाही, माझ्या तोंडाकडं बघत राहिले. कुठला चांगला, ते माझ्या चेहऱ्यावर वाचता येतंय का बघत होते. मला ते सहन झालं नाही.

"पुरे करा गोकुळभाऊ!" मी एवढ्यांदा खेकसले की शेजारचं गिऱ्हाईक दचकलं.

अब्बांनी माझ्या हातावर हात ठेवला. "चिडू नको. गोकुळ, मला डाव्या कानानं येत नाय आन् उजव्यानं लई कमी येतंय. हिला येतंय ना? मग ही म्हणल तो दे."

किती साधेपणानं म्हणाले! आणि ज्या माणसापुढं मान राखायचा, त्याच्यापुढंच. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की रागाला जागाच उरली नाही.

गोकुळभाऊ काउंटरला वळसा घालून अब्बांच्या उजव्या बाजूला येऊन उभे राहिले. "मग नूरभाई, हाच घ्या. ह्याला हेडफोन लावता येतोय. स्वस्तातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांना ती सोय नसती. लावून तर बघा."

त्यांनी हेडफोन अब्बांच्या कानांवर बसवले आणि आवाज वाढवला. मी माईकजवळ नेहमीच्या आवाजात विचारलं, "अब्बा, चहा घेणार का?"

अब्बांचे डोळे मोठे झाले. "हौ, घेतो की!" ते अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल एवढ्या जोरात म्हणाले. हेडफोन लावल्यावर आपण किती ओरडतोय ते त्यांना कळत नव्हतं. आम्ही तिघंही हसलो.

छोटाच घेतला. अब्बांनी आपली हौस दुसऱ्या तऱ्हेनं भागवून घेतली. त्याच्याभोवती लोखंडी सांगाडा, वर मूठ, पुढं दोन दांड्या असं काय काय जोडून घेतलं, म्हणजे लांबून मोठा दिसावा. अम्मीनं ते ध्यान बघितलं आणि ती पोट धरून हसली.

कॅमेऱ्याचं झालं, परवानगीचं राहिलं. मी बरेच दिवस अम्मीभोवती घुटमळले. "अम्मी, तुझं गाणं ह्या वेळी लई चांगलं येणार. कुणाला दाखवायचं?" म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तुझ्या लेकीला दाखव, लग्न करून लेक झाल्यावर." झालं! विषय माझ्याच लग्नावर. मांझ्याचा दिवस उजाडला तरी मी मोकळ्या हातानंच होते.

दुपारी घरामागच्या अंगणात कनात बांधली. अलीकडं बायका, पलीकडं पुरुष आणि आचारी. सगळा सांगाडा काढून मी नुसता छोटा कॅमेरा कोपऱ्यात स्टँडवर ठेवला. त्याचा माईक तेवढा वायरनं अम्मीपुढं, दिवा नाहीच. थोड्या वेळात बायका त्याला विसरल्यासुद्धा. पडद्याच्या फटीतून मला अब्बा दिसत होते. एकच खुर्ची ते पडद्याजवळ आणून ठेवत होते, मग कुणी बघितलं की उचलून दुसरीकडं नेत होते आणि थोड्या वेळानं परत आणत होते. मुलाच्या लग्नात बापाला खुर्च्या उचलायचं काय काम? मला गलबलून आलं.

अम्मीनं ढोलक मांडीखाली धरली, पहिली थाप दिली, गायला लागली आणि पट्टी लाल. मी आवाज कमी केला. तिनं आणखी वरचा सूर लावला. गाणं संपताच मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि कुजबुजले, "अम्मी, हात जोडते. घरचं लग्न हाय, हे तरी चांगलं येऊ दे. हळू गा ना."

"हळू गायले तर पलीकडं कसं जाईल?"

"पलीकडं कोण ऐकतंय?"

अम्मीनं पडद्याकडं बघितलं. पडद्याखालून खुर्चीचे पाय आणि अब्बांचे नवे बूट दिसत होते.

"आधी हळू म्हटलं तरी त्यांच्या कानावर पडायचं," ती म्हणाली. "मग पडंना. मग मी जोर लावत गेले. तुला काय वाटलं, मला ठाऊक नाय? रोज उजव्या बाजूनं बोलतीय मी त्यांच्याशी."

दोन वर्षं मी या बाईला ओरडू नको म्हणून दटावत होते.

"मग बोललीस का नाय कधी?"

"त्यांनी लपवलंय, मी कशाला उघडं पाडू? त्यांचा बी काय मान हाय का नाय?"

मला रडायला वेळ नव्हता. माझ्या पिशवीत अब्बांच्या जुन्या कॅमेऱ्याचा हेडफोन होता. त्याची वायर एवढी लांब की टाकून द्या म्हणून मी कितीदा भांडले होते. मी अम्मीला विचारलं, "त्यांनी ऐकलेलं चालंल तुला? चित्र नाय, नुसता आवाज. आत्ता, तू गात असताना. सगळं, त्या कडव्यांसकट."

अम्मी लाजली. एवढी मोठी बाई, सून यायची वेळ झाली, पण कानापर्यंत लाल झाली. "ती कडवी बी?"

"ती बी."

तिनं इतर बायकांकडं बघितलं, कारण गाणं एकटीचं नव्हतं. मी सगळ्यांना सांगितलं काय करायचंय ते. जन्नतखाला म्हणाली, "ऐकू दे गं. एवढी वर्षं बिचाऱ्याची फिरकी घेतलीय, त्याला कळू तर दे आपण काय बोलतो ते." सगळ्या हसल्या. अम्मीनं मान डोलावली.

मी वायरचं एक टोक कॅमेऱ्याला लावलं, हेडफोन पडद्याखालून पलीकडं सरकवला आणि वळसा घालून बाहेर गेले. अब्बा चोरी पकडल्यासारखे उठून उभे राहिले.

"बसा," मी त्यांच्या उजव्या कानाशी म्हणाले. "अम्मीनं ऐका म्हटलंय."

ते बसले. कानांवर हेडफोन मीच घातले.

मी आत आले. अम्मीनं एकदा पडद्याकडं पाहिलं, माईक जवळ ओढून घेतला आणि गायला लागली. हळू. मी लहान असताना ती मला झोपवताना गुणगुणायची त्याच आवाजात. पट्टी हिरव्यातच राहिली, लालजवळ फिरकलीसुद्धा नाही.

सारे गावां के दुल्हन देखे, कांधे पो मशीन ले को,
घर की दुल्हन कब देखेंगे, जा को पूछो उन को!

म्हणजे खांद्यावर मशीन घेऊन गावोगावच्या नवऱ्या बघत फिरतात, घरातली नवरी कधी बघणार, विचारा जाऊन त्यांना. बाकीच्या बायका मागून टाळ्या देत होत्या, पण त्याही आज हळू.

सौ दुल्हनां की सूरत खींचे, मेरी कब खींचेंगे?
बुढ्ढी हो गई बैठे बैठे, अब क्या आँखां मीचेंगे!

शंभर नवऱ्यांची चित्रं काढली, माझं कधी काढणार, बसून बसून म्हातारी झाले, आता काय डोळे मिटून घेणार, असं. एवढ्या वर्षांचा तो हशा यावर होता. "गळा तर जाग्यावर हाय की हिचा!" जन्नतखाला माझ्या कानात म्हणाली. मी पडद्याची कड जराशी बाजूला केली. अब्बांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले होते. डोळे मिटलेले, गालांवरून पाणी वाहतंय आणि तोंडभर हसू. समोरून कुणी पाहुणा सलाम करत होता, त्याचा त्यांना पत्ता नव्हता.

गाणं संपलं. आत बायका पडद्याकडं बघत बसल्या होत्या. आणि मग अख्ख्या पडेगावाला ऐकू जाईल अशा आवाजात अब्बा ओरडले, "अनवरी! ते घरच्या दुल्हनचं कडवं पुन्हा म्हण!"

आचाऱ्याचा झारा कढईवर थांबला. तन्वीरनं हळदीच्या हातांनी तोंड झाकून घेतलं. नवऱ्यानं भर मांडवात, चारचौघांत बायकोला नाव घेऊन हाक मारली होती, आणि मारली होती ती गाण्यासाठी.

अम्मीनं तोंड ओढणीत लपवलं. तिचे खांदे हलत होते, हसून की रडून ते मला कळलं नाही. मग तिनं ओढणी मागं सारली, ढोलक पुन्हा मांडीखाली घेतली आणि माईकजवळ वाकून, घरात बोलावं तसं हलकेच म्हणाली, "म्हणते. तुम्ही ओरडू नका. मला ऐकू येतंय."